परत आलेलं वाण

बीरगांवला आमच्या घरात पांढरी अशी एकच वस्तू होती, आणि ती म्हणजे आईचा तांदळाचा डबा, तोही आतून. बाकी सगळं काळं. शेजारच्या उरल्याच्या लोखंडाच्या कारखान्यांची धूळ रात्रंदिवस पडायची. ती कौलांच्या फटीतून यायची, खिडकीला लावलेल्या पोत्यातून यायची. सकाळी उठून उशीवर बोट फिरवलं की बोटाला काजळ लागायचं. नाक शिंकरलं तरी काळं. वाळत घातलेली ओढणी झटकून घेतली नाही तर कॉलेजात खांद्यावर पट्टे दिसायचे, आणि शहरातल्या समता कॉलोनीतून स्कूटीवर येणाऱ्या मुली विचारायच्या, "वंदना, तुम्हारे यहाँ क्या रोज़ होली होती है?" मी हसायची. दुसरं काय करणार?

बाबा रोलिंग मिलमध्ये होते. लाल तापलेली सळई चिमट्यानं पकडून पुढच्या रुळात घालायची, हे त्यांचं काम. हातांवर भाजल्याचे इतके डाग होते की ते मूळ चामडीसारखेच दिसायचे. मिलच्या आवाजानं त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून घरात आम्ही सगळे ओरडून बोलायचो, आणि बाहेरच्याला वाटायचं की ठवकरांकडे बारमाही भांडण चाललंय. ते मूळ भंडाऱ्याकडचे, कामासाठी इकडे छत्तीसगढ़ात आलेले. आईसुद्धा तिकडचीच, पण तिचं माहेर म्हणावं असं काही नव्हतं. आईबाप ती पाळण्यात असतानाच गेले. मामानं वाढवलं, म्हणजे गुरं राखायला ठेवलं, आणि पहिलं स्थळ आलं तसं लग्न लावून मोकळा झाला. लग्नानंतर मामाकडून कधी एक चिठ्ठी आली नाही की एक निरोप आला नाही. आमच्या शेजारच्या साहू चाचीच्या माहेरून तीजेच्या सणाला साडी यायची, गाडीभर माणसं यायची, तेव्हा आई आमचं दार ओढून घ्यायची. मला वाटायचं, धूळ येते म्हणून.

घरी मी मराठी ऐकायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. बीरगांवातली आमच्यासारखी सगळी पोरं तसंच करायची. आई म्हणायची, "वंदे, पाणी भरलं का वो?" मी म्हणायची, "भर रही हूँ ना!" आज मी हे मराठीत लिहिते आहे, ते मी पुढे मोठेपणी, कष्टानं शिकले. का शिकले, त्याचं मूळ याच प्रकरणात आहे. एका दिवसापुरतं मला माझी भाषा न येणं फार महाग पडलं.

राज्य नवीन झालं त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. सरकारी पाट्यांवरच्या 'मध्यप्रदेश'वर चुना फासून वर 'छत्तीसगढ़' लिहिलेलं, आणि पाऊस झाला की चुन्याखालचं जुनं अक्षर पुन्हा डोकं वर काढायचं. लाल दिव्याच्या गाड्या बैलगाडीमागे अडकून भोंगा वाजवायच्या. आमच्या कॉलेजात जागा भरल्या गेल्या, आणि त्यात अर्थशास्त्राला एक मराठी सर आले, बापट सर, थेट पुण्याचे. वयानं लहान, बोलताना फळ्याकडे पाहणारे. मी सेकंड इयरला होते. पहिल्या वर्षी अर्थशास्त्रात मला सप्लिमेंट्री लागली होती, म्हणजे त्या विषयाची परीक्षा पुन्हा द्यावी लागली होती, आणि घरात ठरलेलं होतं की पुन्हा लागली तर शिक्षण बंद. तुमसरचा एक मुलगा मोठ्या काकांनी बघून ठेवलेलाच होता. बापट सरांनी माझा पेपर पाहिला आणि म्हणाले, "तुला समजतं, पण लिहिता येत नाही. शेवटच्या तासानंतर थांबत जा." मी आणि आणखी दोन मुलं थांबायचो. आम्ही तिघंही आमच्या आमच्या घरातले पहिलेच कॉलेजात गेलेले. सर मागणी-पुरवठ्याची रेघ काढायचे आणि ती का वाकते ते पाच वेळा सांगायचे, न चिडता. माझ्याशी कोणी शिकलेला माणूस न चिडता बोलतो, हेच मला नवीन होतं.

मी घरी रोज सरांचं सांगायची. आई भाकरी थापता थापता ऐकायची. एक दिवस म्हणाली, "तुह्या सरांले काही देल्लं पाह्यजे, वंदे. विद्या फुकटात घेवाव नाही."

"क्या देंगे? अपने पास है क्या?"

"हाताले येते ना काही. धोंड्याचा महिना येऊन राहिला. वाण देऊ."

त्या वर्षी पितृपक्ष संपला आणि नवरात्र बसायच्या जागी अधिक महिना लागला. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. या महिन्यात तेहेतीस अनारसे ताटात मांडायचे, वर दिवा ठेवायचा आणि ते दान द्यायचं, त्याला वाण म्हणायचं, एवढं आईला ठाऊक होतं. कोणाला द्यायचं? तिच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. ती लहान असताना तिची मामी असं ताट घेऊन गावातल्या शाळेच्या गुरुजींच्या घरी जायची आणि ही मागून पाण्याचा तांब्या घेऊन चालायची. गुरुजी ब्राह्मण होते म्हणून त्यांना दान मिळायचं, की शिकवायचे म्हणून, हे त्या गुरं राखणाऱ्या पोरीला कोण सांगणार? तिनं मनाशी बांधलं, की अनारसे विद्या देणाऱ्याला देतात. इतकी वर्षं ते मनात तसंच बांधलेलं राहिलं, कारण ते सोडून बघायची वेळच आली नाही. आमच्या घरी विद्या देणारा कोणी आलाच नव्हता.

अनारसे करणं म्हणजे धीराचं काम. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. साहू चाची रोज डोकावून जायची. "काबर अतेक दिन ले चाउर ला बोर के रखे हस, बहिनी? खट्टा हो जाही!" त्यांच्याकडे अइरसा म्हणून असाच पदार्थ करतात, पण गुळाच्या पाकात पीठ घालून लगेच तळतात, आईचं हे भिजत घालणं तिला वेडेपणाचं वाटायचं. आई म्हणायची, "आंबट झाल्याबिगर जाळी नाही पडत, चाची." चौथ्या दिवशी तांदूळ उपसले आणि खरी पंचाईत झाली. वाळवायचे कुठे? बाहेर टाकले तर तासाभरात करडे. आत टाकावे तर हवा दमट. आईनं घरातल्या घरात धोतर अंथरलं, त्यावर तांदूळ, आणि त्यावर मच्छरदाणी सोडली, दुहेरी करून. दोन दिवस आम्ही त्या मच्छरदाणीच्या कडेनं चाललो. बाबा ड्यूटीवरून आले की दाराबाहेरच कपडे झटकायचे आणि म्हणायचे, "तांदळाले मच्छर चावते का वो?"

"हो, चावते. तुमी दूर राहा."

मग कांडणं, वस्त्रगाळ करणं, गूळ मिसळणं, गोळे करून डब्यात मुरवणं. तळायच्या दिवशी साहू चाचीनं तिच्या गाईच्या दुधाचं साजूक तूप आणून दिलं आणि स्वतः पाट घेऊन बसली. पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो हसला. हे आमच्याकडे असंच म्हणतात. पीठ सैल झालं की अनारसा तुपात पसरतो, फुटतो, त्याचे तुकडे तुकडे होऊन कढईभर फिरतात, त्याला 'अनारसा हसला' म्हणायचं. आईचा चेहरा पडला. दुसराही हसला. चाचीला हा शब्द समजावून सांगितला तेव्हा तीच इतकी हसली की पदर तोंडात कोंबावा लागला. मग आईनं पिठात मूठभर कोरडी पिठी घातली, देवाचं नाव घेतलं, आणि तिसरा टाकला. तो स्थिर राहिला. खसखशीची बाजू वर, झाऱ्यानं वरून तूप उडवायचं, उलटायचं नाही. हळूहळू त्याला जाळी पडली. बारीक, सारखी, मधमाशांच्या पोळ्यासारखी. आई त्याच्याकडे बघत राहिली. आपल्या हातून काही सुंदर झालं की माणूस जसं गप्प होतं, तशी गप्प. मी तिला तशी फार कमी वेळा पाहिली. म्हणून हे इतकं लांबवून लिहिते आहे. पुढचं लिहायची घाई मला नाही.

रविवारी आम्ही निघालो. बाबांची ड्यूटी होती. आईनं लग्नातली हिरवी साडी नेसली, मला माझा एकुलता चांगला सलवार-सूट घालायला लावला, डोक्याला तेल लावून घट्ट वेणी घातली. पितळी ताटात अनारसे रचले, वर विणलेला रुमाल. टेम्पोत आई ताट मांडीवर घेऊन बसली आणि प्रत्येक खड्ड्याला दोन्ही हातांनी ते उचलून धरायची, तान्ह्या पोराला धरावं तसं. समता कॉलोनीत सरांचं घर सापडलं. गेटजवळ थांबून आईनं पिशवीतून पणती काढली, तूप-वात घातली, काडी ओढली. वारा होता. मी ओढणीचा आडोसा केला. दिवा लागला तो आईनं अनारशांवर ठेवला आणि ताट माझ्या हातात दिलं. "तू धर. शिकते तू." त्याच घराच्या वरच्या मजल्यावरच्या गॅलरीत माझ्या वर्गातली रश्मी केस वाळवत उभी होती. तिनं हात हलवला. माझे हात ताटात अडकलेले, म्हणून मी मान हलवली.

दार सरांच्या आईंनी उघडलं. नुकत्याच पुण्याहून आल्या होत्या. स्वच्छ, गोऱ्या, नाकात मोत्याची चमकी. माणूस म्हणून वाईट नव्हत्या, हे मी आजही म्हणते.

"या. आपण कोण?"

"मी वंदेची आई जी. तुमच्या सरांजवळ शिकते ना माही पोरगी, ते."

"अगं बाई, हो का! श्रीधर सांगत असतो, फार कष्टाळू मुलगी म्हणून. बसा ना. आणि हा दिवा कसला?"

"वाण व्हय जी. धोंड्याच्या महिन्याचं."

त्यांचा हात सोफ्याच्या पाठीवर होता, तो तिथेच राहिला. त्यांनी रुमालाचं टोक उचललं, खाली बघितलं, पुन्हा सोडलं.

"अनारसे. मोजून तेहेतीस?"

"हव," आई म्हणाली. छत्तीसगढ़ात इतकी वर्षं काढून तिच्या तोंडात 'हो'च्या जागी तोच शब्द बसला होता. आणि मोठ्या माणसांसमोर ती घाबरली की सगळ्यालाच 'हव' म्हणायची.

"हे श्रीधरसाठी आणलंत?"

"हव जी. त्याईच्यासाठीच."

"आणि ही तुमची मुलगी."

"हव. एकच आहे."

"म्हणजे ठरवूनच आलात म्हणायचं."

"हव जी, ठरवूनच! सावन गेला तवापासून मनात होतं. म्या म्हटलं, घेते का नाही घेते, देव जाणे."

"आणि मुलीच्या वडिलांना माहीत आहे?"

"त्याईले काय इचाराचं जी? ते मीलमध्ये असते."

सरांच्या आईंनी एक दीर्घ श्वास घेतला. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं. आमच्या घरात ओरडण्याची सवय होती. "हे बघा बाई, मी स्पष्टच बोलते. अधिकातलं अनारशांचं ताट दिवा लावून जावयाला देतात. माझ्या मुलाचं अजून लग्न व्हायचंय, आणि आमच्यात ते असं ठरत नाही. तुमचं आडनाव काय, ठवकर ना? मग तुम्हालाही कळायला हवं होतं. असं स्थळ मागतात का? मुलीच्या हातात दिवा देऊन, दारात उभं करून?"

आईला ते भरभर, स्वच्छ मराठी अर्धंच पोचलं. ती माझ्याकडे वळली. चेहऱ्यावर अजून ते गेटजवळचं हसू होतं. "काय म्हणून राहिल्या वो त्या?"

आणि मला सांगावं लागलं. एका मराठी बाईचं मराठी दुसऱ्या मराठी बाईला मी हिंदीत सांगितलं, कारण मला दुसरं काही येत नव्हतं. "बोल रही हैं, ये दामाद को देते हैं। बोल रही हैं कि तू मेरा रिश्ता लेकर आई है।"

तेवढ्यात आतल्या खोलीतून बापट सर बाहेर आले. बनियनवर, हातात पेन. त्यांनी दिवा पाहिला, ताट पाहिलं, मला पाहिलं. त्यांचे कान लाल झाले. मला वाटलं, आता ते म्हणतील, आई, ही माझी विद्यार्थिनी आहे, काहीतरी गैरसमज झालाय. एवढं एक वाक्य. मी वाट पाहिली. मी त्यांच्या आईंना म्हणाले, "आंटी, ऐसा कुछ नहीं है, मम्मी को मालूम नहीं था," आणि त्या म्हणाल्या, "मराठीत बोल ना, मराठी आहेस तर." माझ्या तोंडातून एक शब्द निघेना. सर फरशीकडे बघत होते. त्यांच्या आई म्हणाल्या, "श्री, आत जा," आणि ते गेले.

आई पुढे आली. तिनं दिवा फुंकला नाही. वाणाचा दिवा फुंकत नाहीत. दोन बोटांनी वात चिमटली. "माफ करजा जी," म्हणाली. "तुमी राहू द्या ना, असंच गोड म्हणून खाजा."

"नको. ताट न्या, बाई. हे घेतलं तर त्याला अर्थ होतो."

त्यांचंही बरोबरच होतं. म्हणून तर रागावता येत नाही मला, आणि राग आला नाही की मग लाजच उरते. तेहेतीसच्या तेहेतीस अनारसे घेऊन आम्ही बाहेर आलो. गॅलरीत रश्मी होती. आता तिच्या शेजारी तिची आईसुद्धा होती. परतीच्या टेम्पोत समोरच्या म्हाताऱ्यानं ताट आणि हिरवी साडी पाहून विचारलं, "किसके यहाँ शादी है, माँजी?" आई म्हणाली, "हव." तिला प्रश्न ऐकूच आला नव्हता.

सोमवारी वर्गात शिरले तर मागच्या बाकावरून कोणीतरी सनईसारखा आवाज काढला, लग्नात वाजते तसा. "सर की ससुराल आ गई!" सर आत आले तेव्हा फळ्यावर कोणीतरी दिवा काढून ठेवला होता. त्यांनी तो न बोलता पुसला. मी बसायची त्या बाजूला त्यांनी त्या दिवसापासून बघणं सोडलं. शेवटच्या तासानंतर थांबलेल्या आम्हा तिघांना दाराशीच म्हणाले, "एक्स्ट्रा क्लास अब नहीं होगी। लाइब्रेरी में गाइड रखी है।" मराठीत नाही, हिंदीत. त्या दोन मुलांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचाही वर्ग माझ्यापायी गेला होता.

बीरगांवात बातमी पोचायला चार दिवस लागले असतील. मिलमध्ये गोंदियाचा एक फिटर होता, त्याची बायको शहरातल्या ब्राह्मणपारा वस्तीत कुणाकडे कामाला जायची, असं काहीतरी. बाबा संध्याकाळी आले ते कपडे न झटकताच आत आले. काळे पाय थेट चटईवर. "मले आज मीलमध्ये बोलतेत, काय ठवकर, प्रोफेसर जावई पाहून राहिला म्हणे! पोट्टीले दिवा घेऊन पाठवलं म्हणे!" इतकं ओरडले की साहू चाचीकडचा रेडिओ बंद झाला. आई चुलीपुढे बसूनच राहिली. बाबा माझ्याकडे वळले. "उद्यापासून कॉलेज बंद. भाऊले निरोप देतो. तुमसरवाल्याईले बोलव म्हणतो." खरं सांगू? त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. उद्या त्या बाकावर जाऊन बसायचं नाही, या एका गोष्टीसाठी मी तुमसरलाही गेले असते. लाज माणसाला अशी स्वस्त करते.

अनारसे फळीवर होते, त्याच ताटात, त्याच रुमालाखाली. आई ते खाऊ देईना, कारण दान काढलेलं आपण खायचं नसतं. फेकूही देईना. साहू चाची म्हणाली, "गाय ला खवा दे, बहिनी, पुन्न मिलही." आई म्हणाली, "गाय काय जावई व्हय कोणाची?" असं बोलून ती स्वतःच दचकली. मग कोणी तो विषय काढला नाही. मी घरीच होते. पाणी भरायची, चूल पेटवायची, आणि दर वेळी मान वर केली की फळीवर ते ताट. रुमालावर रोज काळा थर बसायचा, आई रोज तो रुमाल बदलायची.

महिना सरायला आला तसा एका सुट्टीच्या दिवशी बाबा दुपारी जेवून आडवे झाले होते. डोळे उघडे. बराच वेळ फळीकडे बघून म्हणाले, "वो, तुले खरंच मालूम नव्हतं?"

आई भांडी घासत होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही. "काय?"

"का ते जावयाले देतेत म्हणून."

"कोणी आपल्या घरी देल्लं असतं, त मालूम असतं," आई म्हणाली. मग घासलेलं भांडं पालथं घालत, "तुमाले मालूम होतं?"

"होतं ना. मले वाटलं, घरच्यासाठीच करून राहिली. मीलमधले सगळे जातेत. धोंड्याच्या महिन्यात सासरी. कोणाले धोतर, कोणाले आंगठी, अनारसे त सगळ्याईलेच. मले विचारते, ठवकर, तू नाही जात? मी म्हणतो, लय दूर आहे माहं सासर."

आईच्या हातातली राख तशीच राहिली. लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली असतील. इतक्या वर्षांत असे किती धोंड्याचे महिने येऊन गेले, आणि दर वेळी हा माणूस मिलमध्ये सळया ओढत तेच एक खोटं बोलत राहिला, आणि घरी येऊन एकदाही तिला टोचून बोलला नाही. हे तिला त्या दुपारी कळलं. मलाही. ती रडली नाही, नुसती म्हणाली, "माह्या मागं कोणी असतं, त देल्लं असतं जी."

बाबा उठले. मोरीत जाऊन हात-पाय धुतले, साबण लावून, कोपरापर्यंत. ते डाग धुवून जाणारे नव्हते तरी. मग आईचा पाट ओढला, भिंतीशी ठेवला आणि मांडी घालून बसले. "आण ते ताट."

"आवो, ते वापस आलेलं व्हय."

"जावयासाठी व्हय ना? मंग मी कोण व्हय?"

आई उभीच. "पण देणारं पाह्यजे ना कोणी. सासरचं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आठवडाभरात पहिल्यांदा. "ये वंदे. तू दे. तू आपल्या मायच्या घरची."

आईनं पणती पुन्हा पेटवली. मी ताट दोन्ही हातांनी धरलं. ज्या ताटासाठी सगळ्या कॉलेजात माझी शोभा झाली, तेच ताट. मी ते बाबांच्या पुढे ठेवलं आणि वाकून नमस्कार केला, न पाहिलेल्या आजीच्या वतीनं. बाबांनी एक अनारसा उचलला, उजेडाकडे धरून त्याच्या जाळीतून पाहिलं, आणि चावला. इतक्या दिवसांत तो कडक झाला होता. कडकन आवाज आला.

"कसा आहे जी?" आईनं विचारलं.

"दगड." चावत राहिले. "पण चव आहे." दुसरा घेतला. मग मिशीला लागलेली खसखस पुसत म्हणाले, "वाण घेतलं का जावयानं सासरच्याईचं एक आयकाव लागते. सांग, काय पाह्यजे तुले?"

"असं असते?"

"मले काय मालूम! मले पयल्यांदाच भेटून राहिलं."

आई हसली. इतक्या दिवसांनी, पदर तोंडाला लावून. हसता हसताच म्हणाली, "पोट्टीले शिकू द्या."

बाबा बराच वेळ तिसरा अनारसा हातात फिरवत बसले. मला वाटलं, आता हेही हसण्यावारी नेतील. ते म्हणाले, "लोक बोलतीन."

"बोलू द्या. बोलून राहिलेच आहेत."

"वंदे," ते म्हणाले, "लोक हसतीन तुले. जाशीन?"

"जाऊँगी," मी म्हणाले. मग थांबले, आणि आयुष्यात पहिल्यांदा बाबांना मराठीत उत्तर दिलं. "जाईन."

मी गेले. लोक हसले. सनईचा आवाज दोन महिने चालला, मग त्यांना दुसरं कोणी सापडलं. बापट सर पुढच्या वर्षी बदलून गेले. जाताना बोलले नाहीत, मीही बोलले नाही. मला त्यांचा राग नाही, पण ते एक वाक्य त्यांनी बोलायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. पुढे माझ्या धाकट्या नणंदेच्या लग्नानंतर पहिला अधिक महिना आला, तेव्हा मी जावयाला कपडे केले, चांदीची वाटी दिली, मिठाई दुकानातून आणली. अनारसे केले नाहीत. नणंद म्हणाली, "वहिनी, रीत असते ना?" मी म्हणाले, मला जमत नाहीत, हसतात. केस पांढरे व्हायला लागलेली बाई खोटं बोलते तेव्हा कोणी तपासत नाही. अजून त्या कॉलोनीच्या रस्त्यानं जायची वेळ आली, तर मी रिक्षावाल्याला दुसरा रस्ता घ्यायला लावते आणि कारण गर्दीचं सांगते.

अर्थशास्त्रात मला पुन्हा सप्लिमेंट्री लागली. पण वाण घेताना आईला दिलेला शब्द बाबांनी मोडला नाही. लायब्ररीतल्या त्याच गाइडवरून मी ती काढली, आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, सेकंड डिव्हिजनमध्ये, बी.ए. पास झाले. ठवकरांच्या घरात माझ्या आधी कोणी झालं नव्हतं.